कोंडवाड्यात ट्रॅक्टर

राजा भुजंगरावांचा नवा ट्रॅक्टर येसूच्या शेतात तीन दिवस हलेना. ज्वारीची पेरणी तोंडावर आलेली. जमिनीला वापसा असा, की मूठ दाबली तर मातीचा गोळा व्हावा आणि खाली टाकला की फुटावा. आणखी दोन दिवसांत ही ओल जाणार, आणि तिच्याबरोबर वर्षाची भाकरीही.

झालं होतं एवढंच, की पेरणीयंत्राचा तुटलेला बोल्ट गावच्या लोहाराने नवा घडवून बसवला. लगेच ट्रॅक्टरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली : 'अनोळखी भाग. यंत्र बंद.' कंपनीला फोन केला, तर गोड आवाजात उत्तर आलं, "आमचा माणूस एकवीस दिवसांनी येईल."

येसू राजाकडे गेली. "महाराज, माझे बैल आहेत. त्यांच्यावर पेरून घेते."

गावात तेवढी एकच जोडी उरली होती. बाकीच्यांनी राजाच्या हुकमाने कधीच विकली होती.

"माझ्या राज्यात आता बैल पेरणार नाहीत," राजा म्हणाला. "एवढी घाई आहे, तर उद्या सूर्य मावळायच्या आत तूच ट्रॅक्टर चालू कर. एका खिळ्यालाही हात लावायचा नाही. जमलं नाही, तर बैल सरकारजमा."

येसू घरी आली, बैलांच्या पाठीवरून हात फिरवत बसली. तिचा बाप गावच्या कोंडवाड्याचा राखणदार. मोकाट गुरं कोंडताना बघतच ती वाढलेली.

सकाळी तिने ट्रॅक्टरभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि कंपनीला निरोप धाडला : 'ट्रॅक्टरातलं तुमचं जनावर आमच्या शेतात सापडलं आहे. आज संध्याकाळपर्यंत घेऊन जा. नाहीतर नियमाप्रमाणे दरबारजमा होईल.'

एकवीस दिवसांनी येणारा साहेब दुपारीच घामाघूम होऊन पोचला. राजाही गंमत बघायला आला.

"बाई, ट्रॅक्टर महाराजांनी विकत घेतलाय. आमचं कसलं जनावर?"

"लोखंड महाराजांचं. आतला प्रोग्राम कुणाचा?"

"तो कंपनीचाच. करारात लिहिलंय. गिऱ्हाइकाला नुसता वापरायला दिलाय." साहेबाने कागदही काढून दाखवला.

"मग झालं तर. तुमचा प्रोग्राम तीन दिवस माझ्या रानात ठाण मांडून बसलाय. स्वतः काम करत नाही, महाराजांच्या लोखंडालाही करू देत नाही. कोंडवाड्याचा नियम असा, की मालकाने यावं, आपलं जनावर ओळखावं आणि दाव्याला धरून न्यावं. हे घ्या दावं. लोखंड मात्र इथंच राहील."

साहेब दाव्याकडे बघतच राहिला. "अहो, तो हाताला लागत नाही. दिसतसुद्धा नाही."

"मग राहू द्या. दिवस बुडाला की तो महाराजांचा. पुढे आमच्या लोहाराने उघडून बघितला, तर तुम्ही विचारायचं नाही."

लोहाराचं नाव निघताच साहेब विजार फाडून घेत कुंपणात शिरला आणि लॅपटॉप उघडून बसला.

"आणि तो बोल्ट?" येसूने बाहेरून विचारलं.

"ओळखला," साहेब पुटपुटला. "तुमच्या लोहाराचा प्रत्येक बोल्ट ओळखला."

ट्रॅक्टर धडधडला. राजा पोट धरून हसला. "खिळ्यालाही हात लावला नाहीस की गं! बोल, काय देऊ?"

"माझे बैल माझ्याकडेच राहू द्या, महाराज. हा पुन्हा रुसला, तर वापसा त्याच्यासाठी थांबायचा नाही."

राजाने बैल तर तिच्याकडे राहू दिलेच, वर दोघांना पितळी घुंगरमाळा दिल्या आणि येसूला कोंडवाड्याची मुख्य केलं. ट्रॅक्टर कुंपणातून बाहेर काढला. साहेबाला मात्र शेतातलं शेवटचं तास, शेवटची ओळ, पेरून होईपर्यंत आतच ठेवलं. येसू त्याला दोन वेळा गरम भाकरी नेऊन देत होती.