पहिल्या दगडावरचे तेल

फार जुनी गोष्ट आहे. त्या राज्याचे नाव आज कुणालाच ठाऊक नाही. परंतु तिथली नदी, नदीकाठचे गाव आणि त्या गावची खेमा नावाची कुंभारीण, एवढे सांगणाऱ्यांनी जपून ठेवले आहे.

एका वर्षी एक वृद्ध भिक्खू पावसाळ्याचे महिने वर्षावासासाठी त्या गावी राहिले. पाऊस सरल्यावर त्यांनी गढूळ नदीच्या पात्रात स्वतःच्या हातांनी सोळा दगड मांडले. काठाजवळचा पहिला उंच दगड पुरातही पाण्यावर दिसे. बाकीचे पंधरा पाण्याखाली असत. जाताना त्यांनी गावाला एक ओळ शिकवली : ‘नऊ पावले पिंपळाकडे, सात पावले काळ्या कड्याकडे.’

‘‘भंते, न दिसणाऱ्या दगडांवर विश्वास कसा ठेवायचा?’’ कुणीतरी विचारले.

‘‘पहिलं पाऊल उचलण्यापुरता माझ्यावर ठेवा,’’ भिक्खू म्हणाले. ‘‘पुढचं तुमचा पाय सांगेल.’’

पुढे गावात होडी आली आणि दगडांवरून चालणे थांबले. आदर मात्र वाढत गेला. लोक रोज सकाळी पहिल्या दगडावर तेल घालत, फुले वाहत, ‘बुद्धं सरणं गच्छामि’ असे त्रिशरण म्हणत आणि शेवटी ती ओळ सुरात गात. ती ओळ चालण्यासाठी सांगितली होती, याचा हळूहळू बहुतेकांना विसर पडला.

मग एका वर्षी पूर आला आणि होडी वाहून गेली. त्याच दिवशी पहाटेपासून खेमाची मुलगी प्रसूतीच्या वेणा सोसत होती. मूल आडवे होते. ते फिरवू शकणारी सुईण पलीकडच्या काठावर राहत होती.

दुपारी खेमा दगडांवरून पलीकडे जायचे ठरवून काठी घेऊन नदीवर आली. जावई आणि गावप्रमुख आधीच तिथे उभे होते.

‘‘घाबरू नकोस खेमा,’’ प्रमुख म्हणाले. ‘‘इतकी वर्षं या दगडाची सेवा केली आहे. आज दुप्पट तेल घालू.’’

‘‘दादा, बाळंतीण माझी लेक आहे, दगड नाही.’’

जावयाने तिचा हात धरला. ‘‘मामी, थांबा. पाणी उतरू द्या. ओढ कमी झाली की मी स्वतः जातो. एखादा वाहून गेला असेल तर?’’

‘‘जावईबापू, पाणी उतरायला चार दिवस लागतील. तुमचं लेकरू चार दिवस थांबणार आहे का?’’

खेमाने पहिल्या दगडावर पाय ठेवला आणि ती धाडकन घसरून काठाच्या चिखलात पडली. वर्षानुवर्षांच्या तेलाचा जाड, बुळबुळीत थर दगडावर बसला होता. ती उठली, घरी गेली आणि मडकी भाजायच्या आव्यातली टोपलीभर राख व काथ्याचा बोळा घेऊन परतली. मग ती दगड घासू लागली.

‘‘अगं, काय करतेस हे? भंतेंचा दगड आहे तो!’’ प्रमुख ओरडले.

‘‘म्हणूनच घासते. त्यांनी तो पाय ठेवायला मांडला होता. आपण त्याच्यावर पाय ठरेनासा केला.’’

दगड खरखरीत झाला. खेमाने समोरच्या पिंपळावर नजर लावली आणि दुसरे पाऊल टाकले. पाणी गुडघ्यापर्यंत आले, पण पायाखाली दगड होता. तिसऱ्या पावलाला भीती किंचित कमी झाली. सहाव्या ठिकाणी मात्र काठी खोल गेली. आजूबाजूला चाचपल्यावर तो दगड वीतभर बाजूला सरकलेला सापडला. नवव्यावर पोहोचून तिने मागे वळून हाक दिली, ‘‘आहेत हो! फक्त सहावा वीतभर सरकला आहे!’’

ती हाक ऐकून जावई पाण्यात उतरला. काठावर जमलेले गावकरी एकेक करून त्याच्या मागून निघाले.

खेमा काळ्या कड्याकडे वळून उरलेली सात पावले चालली. पलीकडे सुईणीने तिला कमरेपर्यंत भिजलेली पाहिले. ‘‘तू आत्ता याच वाटेनं आलीस?’’

‘‘हो.’’

‘‘मग चल.’’

परतताना प्रत्येक दगडावर एकेक माणूस उभा होता. या हातातून त्या हातात असा सुईणीचा हात पुढे जात राहिला. सहाव्या दगडावर जावई उभा होता. दिवस मावळण्यापूर्वी खेमाच्या घरातून बाळाचे रडणे ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावप्रमुख नदीवर आले, तेव्हा त्यांच्या हातात तेलाची वाटी नव्हती. त्यांनी फुले काठावर ठेवली, उरलेले तेल मूठभर राखेने पुसून काढले आणि त्रिशरण म्हणून ती जुनी ओळ पुटपुटत आयुष्यात प्रथमच त्या दगडावर पाऊल ठेवले. पुढे त्या गावात ती ओळ कुणी बसून गायली नाही.

बोध : दाखवलेल्या वाटेवर पहिले पाऊल टाकण्याचे बळ श्रद्धा देते; पण शरण जाणे पूर्ण होते ते स्वतः चालल्यानेच.