कोरड्या पात्रातला ढोल

त्या मुलखातल्या नदीचं पाणी वाळूखाली गेलं होतं, आणि प्रत्येक जनावर आपापला खड्डा खणत होतं. झेब्र्यांनी उकरलेली वाळू रानडुकरांच्या खड्ड्यात पडे, रानडुकरांची झेब्र्यांच्या. भांडायचंही त्राण कुणात उरलं नव्हतं. ते एकमेकांकडे नुसते पाहत आणि पुन्हा खणू लागत. तरसाला मात्र कुणी काठावरही येऊ देत नसे.

खोल खणायची ताकद एकट्या थेम्बी हत्तिणीत होती. पण तिचं पिल्लू असाच एक खड्डा ढासळून गाडलं गेलं, आणि तेव्हापासून ती गोरखचिंचेखाली उभी होती. खात नव्हती, बोलत नव्हती. वाट पाहून पाहून तिचा कळप पाण्याच्या शोधात निघून गेला.

त्याच झाडावर मोसादी वानरी राहायची. तिच्याकडे आईचा एक पोकळ ओंडका होता. तोच त्या मुलखाचा ढोल. पूर्वी कुणी जन्मलं, कुणी गेलं, की तो वाजे. वाजवणारीने ठोका द्यायचा, मग थोडी जागा सोडायची, आणि त्या जागेत ऐकणाऱ्यांनी उत्तर द्यायचं. पायाने, गळ्याने, ज्याला जसं जमेल तसं. उत्तर आल्याशिवाय ताल पुरा होत नसे. नदी आटली तसा ढोलही बंद पडला. थेम्बीच्या पिल्लासाठीसुद्धा तो वाजला नाही.

एका सकाळी मोसादीने तो ओढत झाडाखाली आणला.

"तुझ्या लेकराचं राहूनच गेलं गं," ती थेम्बीला म्हणाली. "मी तरी काय, वाळू उपसत बसले होते."

तिने दोन टिपऱ्यांनी ठोका दिला आणि थांबली. उत्तर आलं नाही. पुन्हा दिला, पुन्हा थांबली. ऊन चढलं, हात भरून आले, तरी तिचं चाललंच होतं.

काबो नावाचं रानडुक्कर खड्ड्यातून वर आलं. "मावशी, इथे घशाला कोरड पडलीय आणि तुला ढोल सुचतोय? यातनं पाणी निघणार आहे का?"

"नाही रे बाबा."

"मग?"

"रडणं राहिलंय ना आपलं."

पुढचा ठोका पडला, जागा मोकळी राहिली, आणि काबो तसंच मान खाली घालून उभं राहिलं. त्यानंतरच्या ठोक्याला त्याने खूर आपटला. लांबून, टेकडीमागून, तरसाने सूर ओढला. खड्ड्यांतली खणण्याची खरखर थांबली. झेब्रे वर आले. पायांना पाय लागून ताल जड होत गेला, आणि कुणी कुणाकडे न पाहता सगळे रडले.

थेम्बीने सर्वांत शेवटी पाय उचलला. तो पडला तेव्हा जमीन हलली आणि जवळच्या खड्ड्यांच्या कडा ढासळल्या. मग ती पात्रात उतरली. एका जागी थांबून तिने वाळूवरून सोंड फिरवली.

"इथे नका खणू," ती म्हणाली. "इथे माझं लेकरू आहे. त्या वळणावर खणू."

वळणावर एकच खड्डा सुरू झाला. थेम्बी खणे, बाकीचे वाळू मागे सारत. मोसादीच्या ठोक्यावर सगळ्यांचे पाय एकदम मागे जात, त्यामुळे कुणाची वाळू कुणाच्या अंगावर पडत नसे. हुरूप असा कुणाला नव्हताच. शेजारचा पाय हलतो म्हणून आपला हलत होता. कधीतरी तरस येऊन रांगेत लागलं. त्याला हाकलावं असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते ठोक्याठोक्यात राहून गेलं.

ऊन कलताना मोसादीचे हात गळाले आणि टिपऱ्या खाली पडल्या. ढोल थांबला. पाय थांबले नाहीत.

पाणी लागलं ते गढूळ आणि थोडं. जागा मिळेल तसे ते काठाशी वाकले. काबोने अंग चोरून मोसादीला पुढे घेतलं. तिला मान उचलवेना, तेव्हा थेम्बीने सोंडेतून तिच्या तोंडात पाणी सोडलं.

मग सगळ्यांनी पाण्याला तोंड लावलं. प्रत्येक तोंडापासून एक वर्तुळ निघालं. कुणाचं मोठं, कुणाचं दिसे न दिसेसं. ती वर्तुळं एकमेकांतून जात होती, आणि एकाचीही रेघ दुसऱ्याने पुसली जात नव्हती.