कवेतला समुद्र

एका राज्यात समुद्र चाळीस मुक्काम दूर होता, तरी राजाच्या महालात तो भिंतीएवढ्या काचेच्या हौदात राहत होता. राजाचं नाव रत्नशेखर. त्याची राणी वेलावती किनाऱ्यावरची. माहेरच्या आठवणीनं ती झुरू नये, म्हणून राजानं समुद्रमांत्रिकाकडून एका अटीवर हौद मागून आणला. राणी रोज पदर खोचून स्वतः काच पुसायची, माशांना हातानं भरवायची. मग राणी वारली, आणि राजानं हौदावर शंभर चाकर नेमले. राजांचं दुःखही राजेशाही, त्याची झाडलोट दुसऱ्यांनी करायची.

त्याच वर्षी विहिरी खारट होऊ लागल्या. आधी आमटी बिघडली, म्हणून सासवांनी सुनांना बोल लावले. मग गाईही पाण्याला तोंड लावीनात, तेव्हा सासवा गप्प झाल्या. अखेर गोडा असा एकच झरा उरला. माणशी दिवसाला एक तांब्या. राजालाही एकच.

हौदाच्या काठावर एक खंड्या पक्षी बसे. तो बोलायचा. त्यात नवल ते काय, तुम्हीही बोलताच की. खंड्या म्हणाला, "महाराज, मांत्रिकाची अट विसरलात. स्वतःच्या हातांनी राखाल तेवढाच समुद्र तुमचा. उरलेला जमिनीत मुरतो आणि शाप होतो."

"उतारा?"

"कवेत मावेल एवढा काचेचा घडा घ्या. कामं तीन. हात तुमचेच."

पहिलं काम निवडीचं. हौदात ढालीएवढा निळा मासा होता, राणीचा लाडका. राजा म्हणाला, "हा राहील. बाकीचे जाऊ देत."

मासा म्हणाला, "महाराज, घड्यात मला वळताही येणार नाही. राणीसाहेबांची आठवण म्हणून ठेवाल, आणि रोज मला गुदमरताना बघाल."

राजा बराच वेळ काचेला कपाळ टेकून उभा राहिला. मग त्यानं तो मासा आपल्या हातांनी पखालीत सोडला. एकेक करून सगळे सोडले, हौदातलं पाणीही पखालींत भरलं. हजार बगळ्यांनी पखाली चोचीत धरल्या आणि समुद्राची वाट धरली. मागे राहिले करंगळीएवढे दोन केशरी मासे, एक काळा दगड आणि एक पखाल पाणी.

दुसरं काम दगड घड्यात मांडायचं. दगड शेवाळलेला, त्यावर किडे वळवळत होते. राजा तो राखेनं घासायला बसला, तोच खंड्यानं पागोट्यावर चोच मारली.

"हां हां! धुऊ नका! या शेवाळातले जीवच पाणी निवळ ठेवतात. हा घड्याचा प्रधान समजा. दिसायला ओंगळ, पण सगळ्यांची घाण निस्तरतो."

शेजारी उभ्या प्रधानजींना हसावं की रुसावं कळेना. राजानं दगड तसाच ओला, मळका उचलून घड्यात ठेवला, वर पखालीतलं पाणी ओतलं आणि दोन्ही मासे सोडले.

तिसरं काम सोपं वाटलं. सात दिवस घड्यातलं पाणी एका रेघेवर राखायचं. ऊन रोज दोन बोटं पाणी पिऊन जाई, राजा पखालीतलं खारं पाणी ओतून रेघ गाठी. चौथ्या सकाळी केशरी मासे कलंडले.

"पक्ष्या, रेघ तर जागेवर आहे!"

"ऊन पाणी पितं, महाराज, मीठ मागे ठेवतं. आणखी खारं घालाल तर माशांचं लोणचं होईल. चढलेलं खारं उपसा आणि गोडं घाला."

राजानं आपल्या एकुलत्या तांब्याकडे पाहिलं. म्हातारा चाकर म्हणाला, "महाराज, माझा घ्या."

"नको, बाबा. हात माझे, तर तहानही माझीच."

त्यानं थोडं खारं उपसलं आणि तांब्या घड्यात रिता केला. तळाशी उरलेल्या थेंबांनी ओठ ओले केले. असे चार दिवस. जीभ टाळूला चिकटली, हुकूम सोडायलाही आवाज उरला नाही. राज्यकारभार त्या चार दिवसांत फार सुरळीत चालला, असं म्हणतात.

सातव्या संध्याकाळी केशरी मासे सरळ पोहू लागले, आणि वेशीजवळच्या विहिरीवरून एका बाईची आरोळी आली, "गोडं झालं गं! गोडं झालं!"

लोक भरलेला तांब्या घेऊन राजाकडे धावले. राजानं आधी रेघ पाहिली. दोन बोटं पाणी घड्यात ओतलं, मग आपण प्यायला.

शंभर चाकर आपापल्या घरी गेले. राजा रोज उपरणं खोचून काच पुसू लागला.

गोष्टीचा तांब्या इथं पालथा. तहान लागली असेल तर उठा, आपला आपण भरून घ्या.