नऊ पंचवीसला संपणारी शर्यत

“यात चूक कुठे आहे, वस्ताद? एक तरी दाखवा.”

विचारणारा यशोधन खराडे, महाविद्यालयाच्या जिमखान्याचा सचिव. दंड मारण्यात दोन वर्षं पहिला, धावण्यात पहिला, आणि बोलण्यात तर तो दुसऱ्या कुणाला नंबरच ठेवत नसे.

मुलांना व्यायाम शिकवणारे बाबालाल वस्ताद आवारातल्या तालमीच्या पायरीवर बसून पायाला तेल चोळत होते. वय बहात्तर. उजवा गुडघा केव्हाच कामातून गेलेला.

“तूच वाच. माझा चष्मा घरी ऱ्हायलाय.”

यशोधनने वाचलं. रविवारी तंदुरुस्ती स्पर्धा. एकशे चाळीस विद्यार्थी. आठला नोंदणी, साडेआठला दंड, आठ पन्नासला दोरीवर चढणं, नऊ दहाला मैदानाच्या तीन फेऱ्या. नऊ पंचवीसला शर्यत समाप्त. साडेनऊला बक्षिसं.

“मधे एक मिनिट रिकामं नाही,” तो म्हणाला. “सुई शिरायला जागा नाही.”

“खरंय... सुईला न्हाई, मग माणसाला कुठनं असणार.”

यशोधनने ते कानाआड केलं. त्याला घाई होती.

गेल्या वर्षी याच स्पर्धेत बी.कॉम.ची एक मुलगी धावताना चक्कर येऊन पडली. बक्षिसं वाटून झाली, मांडव उतरू लागला, तेव्हा कुठे ती परत आलेली नाही हे मैत्रिणींच्या लक्षात आलं. मुलगी बरी झाली, पण प्राचार्यांनी धसका घेतला. यंदा त्यांचं फर्मान होतं, वस्तादांची सही असलेलं वेळापत्रक आज पाचच्या आत टेबलावर हवं. नाहीतर रविवारी मैदान एका बँकेच्या क्रिकेट सामन्यांना.

त्यानंतरचा मोकळा रविवार थेट फेब्रुवारीत. तोवर सचिव बदललेला. तीन महिने खपून आखलेली स्पर्धा दुसऱ्याच्या नावावर जाणार, ही कल्पनाच यशोधनला सोसत नव्हती. यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. राबणाऱ्याला नाव हवंच असतं.

“सही करतो की,” वस्ताद म्हणाले. “आधी एक फेरी मारून येतो. तू घड्याळ लाव.”

“तुम्ही? वस्ताद, स्पर्धा विद्यार्थ्यांची आहे.”

“मग मी कोण हाय?”

यशोधन हसला. सव्वाचार वाजले होते. एका फेरीला त्याने पाच मिनिटं धरली होती. म्हाताऱ्या माणसाला दहा लागतील. त्याने घड्याळ लावलं.

वस्ताद चुन्याच्या रेषेवरून निघाले. पाच मिनिटांत मैदानाच्या कडेच्या चिंचेपर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

“वेळ संपली, वस्ताद,” यशोधनने ओरडून सांगितलं.

वस्तादांनी हात वर केला आणि चालत राहिले. ऐकू आलं नाही की ऐकलं नाही, देव जाणे.

दहा मिनिटं झाली. वस्ताद झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्यापाशी थांबले. त्याच्या माठातलं पाणी प्याले. त्याच्या सुनेची तब्येत विचारली. इकडे रेषेवर यशोधनच्या अंगाचा तिळपापड होत होता.

वीस मिनिटं झाली तेव्हा त्याला राहवलं नाही. तो पळत गेला आणि कागद आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

“इथे सही करा. मग चाला हवं तेवढं.”

“चालता चालता सही येत न्हाई मला.”

“मग थांबा ना जरा.”

“शर्यतीत?”

“आत्ता माळ्यापाशी थांबला होतात की.”

“तहान लागली हुती. तुझ्या कागदात पाणी किती वाजता हाय?”

यशोधनने कागद पाहिला. वरपासून खालपर्यंत पाहिला. पाणी कुठेच नव्हतं.

कागद तसाच हातात धरून तो वस्तादांच्या शेजारून चालू लागला. त्यांच्या चालीनं चालणं त्याला दोनशे दंडांपेक्षा जड जात होतं.

वाट जुन्या वसतिगृहाच्या मागे वळली. मैदान दिसेनासं झालं. मांडवाची जागा नाही, रेषा नाही, माणूस नाही. गुडघाभर गवत आणि एक भिंत.

या वळणावरून यशोधन तीन वर्षं धावत होता. दर वेळी दहा-बारा सेकंदांत पार. इथे काय आहे हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

“इथून कुणी दिसत नाही,” तो हळूच म्हणाला. “आणि आपण पण कुणाला दिसत नाही.”

वस्ताद गुडघा चोळत उभे राहिले.

“ती... इथेच पडली होती?”

“त्या दगडापाशी.”

“किती वेळ?”

“बक्षिसं वाटून हुईस्तोवर.”

पहिलं बक्षीस यशोधननेच घेतलं होतं. जिमखान्याच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, ढाल उंच धरलेला. तेव्हाच्या टाळ्या इथवर ऐकू आल्या असतील का, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला मनापासून लाज वाटली.

त्याने त्या दगडापाशी जाऊन गवत पायाने बाजूला सारलं.

मग वस्तादांनी हात पुढे केला.

“आण तो कागद. करतो सही. पाचाला धा कमी हायत. तुझ्यासारखा पळणारा सहज पोचंल.”

यशोधनने घड्याळ पाहिलं. पोचला असता, त्यात शंकाच नव्हती.

“नको, वस्ताद.”

“का रं? मघाशी तर चूक दाखवा म्हणत हुतास.”

“नऊ पंचवीसला मी पोचतो. शर्यत कधी संपते ते मला ठाऊक नाही.”

“मैदान जाईल.”

“जाईल.”

“नाव बी जाईल, लेका.”

यशोधनने एकदा हातातल्या कागदाकडे पाहिलं.

“...जाईल.”

वस्तादांनी मान हलवली आणि चालू लागले.

यशोधनने कागद उलटा केला आणि चालता चालता लिहू लागला. वळणावर दोन माणसं, त्यांच्यापाशी पाणी आणि सायकल. गवत काढून घेणं. किती निघाले आणि किती परत आले, याची मोजणी. तो बोलून लिहीत होता. वस्ताद ‘हं’ म्हणत होते. मधे एकदाच ते बोलले.

“दंडानंतर दोरी नको.”

“का? मला तर काही होत नाही.”

“तुला हुत न्हाई. बाकीच्यांचं हात थरथरत्यात. थरथरत्या हातानं कुणाला वर चढवू नये.”

यशोधनने आठ पन्नासवर काट मारली.

तेवढ्यात कार्यालयाकडून पाचाचे टोल ऐकू आले. त्याने मान वर केली. सगळे टोल उभ्याने ऐकले. मग पुढची ओळ लिहिली.

रेषा आली. यशोधनचं पाऊल सवयीने आधी उचललं गेलं. त्याने ते मागे घेतलं. वस्ताद एक पाय ओढत रेषेपलीकडे गेले. त्यांच्यामागून यशोधन गेला.

“किती लागली?” वस्तादांनी विचारलं.

“पन्नास मिनिटं.”

“बरं जमलं की.”

यशोधनने कागदाची घडी घातली.

“नव्या सचिवाला हे सगळं देईन मी. त्याच्याबरोबर ही फेरी चालेन. फेब्रुवारीत त्या वळणावर उभं राहायला माणूस लागेल, तिथे मी राहीन. मांडवात नसलो तरी...”

त्याने घडी खिशात ठेवली.

वस्तादांनी वळून सबंध मैदानावर नजर फिरवली. वाटेवर मागे कुणी उरलं नव्हतं. मग त्यांनी यशोधनच्या खांद्यावर हात ठेवला.

“आला शेवटचा,” ते म्हणाले. “आता भरंल स्पर्धा.”