सासूबाईंसाठी लाल बदाम

समुद्रापासून कोसभर आत एक गाव होतं, आणि त्या गावात भिवा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती, हे मला नेमकं सांगता येणार नाही. सांगितलेलं तो करायचा, एवढं खरं. जेवढं सांगितलं तेवढंच करायचा, आणि एकदा शिकवलेलं कधी विसरायचा नाही. गावाला त्रास व्हायचा तो याचाच.

भिवाच्या अंगणात सावली नव्हती. दुपार कलली की ऊन सरळ पडवीत येऊन बसायचं. सासूबाईंच्या दारात मात्र बदामाचं मोठं झाड होतं. आपला देशी बदाम, छत्रीवर छत्री ठेवावी तशा फांद्यांचा. पौष सरत आला की त्याची पानं लाल व्हायची. अशी लाल, की रस्त्यानं जाणारा माणूस काम विसरून वर बघत राहायचा. पुढे तिथला रस्ता रुंद झाला आणि झाड गेलं. सासूबाईंनी त्याच्या खाली उगवलेलं एक रोप डब्यात लावलं आणि लेकीकडे घेऊन आल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "याला पोटच्या लेकरासारखं जपा. हे मोठं होऊन लाल झालेलं एकदा बघितलं, की मी सुखानं डोळे मिटीन."

"जपतो," भिवा म्हणाला.

सासूबाईंवर त्याचा फार जीव होता. सगळं गाव त्याला हसायचं, त्या हसायच्या नाहीत. येताना आठवणीनं फणसपोळी आणायच्या, आणि ती द्वारकेच्या हातात न देता त्याच्या हातात द्यायच्या. द्वारका म्हणजे त्याची बायको.

भिवानं रोपाला पाळण्यात घातलं. अंगावर दुपटं पांघरलं. वारा लागू नये म्हणून खोलीचं दार लावून घेतलं आणि वाटीनं दूध पाजलं. रोप पिवळं पडलं.

शेजारचे जनूतात्या बघायला आले.

"हे काय रे भिवा?"

"लेकरू आहे. दूध पीत नाही."

"अरे खुळ्या! त्याला बाहेर काढ. अंगणात उन्हात उभं कर, पायाशी शेणखत घाल आणि वरून कळशीभर पाणी ओत. मग बघ कसं टवटवीत होतं."

"आता कळलं," भिवा म्हणाला. आणि त्याला कळलंच होतं. त्यानं तसं केलं, रोपानं मान वर केली.

थोड्या दिवसांनी द्वारकेचे मामा आले. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. भरघोस पांढरी मिशी, आणि त्या मिशीचा मोठा अभिमान. द्वारका विहिरीवर निघाली होती. जाता जाता म्हणाली, "मामा दमून आलेत. जरा टवटवीत होतील असं बघा."

द्वारका परत आली तेव्हा मामा भर उन्हात उभे होते. घोट्यापर्यंत शेणखत होतं. भिवा दुसरी कळशी ओतत होता.

"जावई आहे म्हणून गप्प आहे," मामा म्हणाले. मिशीतून पाणी गळत होतं.

"अहो, पाहुण्याला असं करतात का?" द्वारका ओरडली. "दारी कोणी आलं की सावलीत घ्यायचं. पुढ्यात वाढायचं. पोटभर खा, लाजू नका, म्हणायचं. पाहुणा नको म्हणेपर्यंत आग्रह सोडायचा नाही."

"आता कळलं," भिवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दारी तात्यांची शेळी आली. आली ती सरळ रोपाकडे गेली. भिवा उठला आणि तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला.

"पोटभर खा," तो म्हणाला. "लाजू नका."

शेळीनं एक पान खाल्लं. भिवानं दुसरं तोडून पुढे केलं. शेळी नको म्हणेना. भिवानं आग्रह सोडला नाही. शेवटी नुसती काडी उरली.

द्वारका काडीजवळ बसून रडू लागली. "आई आली की काय दाखवू मी तिला?"

तात्या धावत आले. "रडू नकोस पोरी, मूळ शाबूत आहे. फुटेल. आणि भिवा, तू ऐक. भोवती काट्यांचं कुंपण घाल आणि काठी घेऊन बस. झाडाजवळ कोणीही फिरकता कामा नये. कोणीही!"

"आता कळलं."

भिवानं कुंपण घातलं आणि काठी घेऊन बसला. शेळी आली, हाकलली. तात्या बघायला आले, त्यांनाही हाकललं. द्वारका पाणी घालायला आली.

"लांब हो," भिवा म्हणाला.

"अहो, मी आहे!"

"तूसुद्धा कोणीही आहेस."

तो स्वतःही जवळ गेला नाही. काडी वाळू लागली. भिवा लांबूनच तिला म्हणाला, "थोडं सोस. माझाही नाइलाज आहे."

तात्यांनी कपाळावर हात मारला. काठी हिसकून घेतली, भिवाला धरून ओटीवर बसवलं आणि म्हणाले, "आता तू काहीही करायचं नाहीस. काहीही म्हणजे काहीही. झाडाचं द्वारका बघेल."

"आता कळलं."

संध्याकाळी द्वारकेनं चुलीवर दूध ठेवलं आणि झाडाला पाणी घालायला गेली. दूध वर आलं. भिवानं बघितलं. दूध उतू गेलं. भिवानं तेही बघितलं.

"अहो, काय करत होतात इथं बसून?"

"काही नाही. तात्यांनी सांगितलंय."

द्वारकेनं डोक्याला हात लावला. "घरात नुकसान होताना दिसलं की बसून राहायचं नसतं हो! वाट बघायची नाही, कोणाला विचारायचं नाही. लगेच खाली उतरवायचं!"

"आता कळलं," भिवा म्हणाला.

त्यानंतर बराच काळ काही घडलं नाही. काडीला पालवी फुटली. भिवाला झाडाचं काही करायचं नव्हतं, त्यामुळे झाड झपाट्यानं वाढलं. एक छत्री झाली, तिच्यावर दुसरी झाली. अंगणात सावली आली. पडवीतलं ऊन निघून गेलं. लोक येऊन म्हणायचे, "भिवा, झाड छान केलंस हो." भिवा म्हणायचा, "मी काहीच केलं नाही." लोकांना तो विनय वाटायचा.

एका माघात झाडाचं पान न् पान लाल झालं. आत दिवा लावल्यासारखं झाड दिसू लागलं. द्वारकेनं माहेरी निरोप धाडला. उलट निरोप आला, की आई मामांना सोबत घेऊन निघते आहे. थकली आहे, पण झाड बघायचंच म्हणते.

भिवाला सासूबाईंचं जुनं बोलणं आठवलं. तो तात्यांकडे गेला.

"तात्या, सुखानं डोळे मिटीन म्हणजे काय?"

तात्या सुपाऱ्या सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. "म्हणजे मरेन. आणखी काय?"

"लाल झाड बघितल्यावर?"

"असं कोण म्हणालं?"

भिवा निघून गेला होता.

तो अंगणात उभा राहून वर बघत राहिला. पुष्कळ पानं होती. घरात याहून मोठं नुकसान कुठलं होणार होतं? त्यानं वाट बघितली नाही. कोणाला विचारलंही नाही. शिडी लावली आणि सगळी पानं खाली उतरवली.

सासूबाई आल्या तेव्हा द्वारका अंगणात डोकं धरून बसली होती आणि झाडावर एक पान नव्हतं. मामा अंगणाच्या कुंपणाबाहेरच थांबले. या अंगणात पुन्हा उभं राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "पानं कुठं गेली?"

"उतरवली."

"का हो?"

"तुम्ही ती बघितली असती तर तुम्ही गेला असतात." भिवाचा आवाज चिरकला. "पुढच्या वर्षीही उतरवणार. दर वर्षी उतरवणार. तुम्ही कितीही रागवा."

सासूबाई डोळ्यांना पदर लावून हसू लागल्या. भिवाला त्या पहिल्यांदाच हसल्या, पण ते हसणं त्याला लागलं नाही.

"अहो, ती बोलायची रीत असते. उलट लाल झाड बघितलं की मला आणखी जगावंसं वाटतं. एकेक लाल पान म्हणजे एकेक वर्ष वाढलं असं समजा."

"जेवढं लाल, तेवढं आयुष्य?"

"समजा तसं. ठेवलीत का कुठं पानं? पदरात घेऊन तरी बघते."

"बंबात घातली," भिवा म्हणाला. "तुमच्या आंघोळीचं पाणी तापतंय."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि आंघोळीला गेल्या.

भिवाचं तोंड उतरलं. आंघोळ होईपर्यंत सासूबाईंची सगळी वर्षं जळून गेली होती. तो रात्री जेवला नाही. "आता कळलं," एवढंच म्हणाला. द्वारका इतकी दमली होती, की काय कळलं हे तिनं विचारलं नाही. तिनं विचारायला हवं होतं, असं मला आपलं वाटतं.

तुळशीवृंदावन रंगवायला आणलेला गेरू माळ्यावर होता.

सकाळी सासूबाई पडवीत डोळे चोळत उठून बसल्या. समोर झाड लाल होतं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. वृंदावन लाल होतं. भिंत लाल होती, शिडी लाल होती, दोरीवरची धोतरं लाल होती. तात्यांची शेळी लाल होती. कुंपणापलीकडून तात्यांचा पांढरा बैल लाल होऊन शांतपणे बघत होता. भिवा मोजून दमला होता आणि हातात रिकामी बादली घेऊन उभा होता.

इतक्यात, द्वारकेनं रात्री मागच्या दारानं आत आणून ओटीवर निजवलेले मामा जागे झाले. त्यांनी सवयीनं मिशीवरून हात फिरवला आणि हाताकडे बघितलं. मग ते जे ओरडले, ते वरच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं.

"मामा, पुसू नका!" भिवा बादली टाकून धावला. "त्यात सासूबाईंची पाच वर्षं आहेत!"

सासूबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. दर माघात येऊन त्या बदामाखाली बसायच्या. त्यामुळे भिवाचं काही चुकलं होतं, हे त्याला कोणालाच पटवून देता आलं नाही. अजूनही त्या गावात माघ लागला की लोक पांढरे बैल गोठ्यात बांधतात, आणि मामा जन्मभर त्या महिन्यात मिशी काढून टाकत.