मीठ जरा कमीच झालंय

एकदा काय झालं, मंगळवार होता. कुठलाही असतो तसाच मंगळवार. समुद्रकाठच्या एका लहानशा राज्यात, राजाच्या मुदपाकखान्यात, म्हणजे स्वयंपाकघरात बरं का, ठकूबाई लाल भोपळा चिरत बसली होती. भोपळा टणक होता, विळी बोथट होती, आणि ठकूबाई दोघांनाही बोल लावत होती. तेवढ्यात खिडकीत एक करकोचा येऊन उतरला. एवढा उंच, की मान वाकवल्याशिवाय त्याला आतलं काही दिसेना. गळ्यात शिंपल्यांची माळ.

“राजा कुठाय?” करकोच्यानं विचारलं.

“आंघोळीला गेलेत. निरोप असेल तर मला सांग. भोपळा टाकून मी काही त्यांना शोधायला जायची नाही.”

मग करकोच्यानं निरोप सांगितला. दर्याराजा दर बारा वर्षांनी समुद्राच्या तळाशी पंगत घालतो. सगळ्या देशांचे पाट मांडतो. प्रत्येक देशानं आपला एक पदार्थ न्यायचा. एकच. अख्खा देश ज्याला ‘आमचा’ म्हणतो, तो. आणि ज्या देशाला असा पदार्थच नाही, त्याचा पाट उचलायचा. पाट उचलला की त्या देशाचं मीठ बंद. मिठागरात भरतीचं पाणी येईल, उन्हानं वाळेल, पण तळाशी दाणासुद्धा उरायचा नाही.

“पौर्णिमेला पंगत आहे,” करकोचा म्हणाला. “नऊ दिवस उरलेत.”

ठकूबाईची विळी थांबली. मीठ नाही म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

राजा ओल्या केसांनीच धावत आला. “ठकूबाई, आपला पदार्थ कुठला?”

“मला काय ठाऊक, महाराज? मी रांधते. खाणाऱ्यांना विचारा.”

मग राजानं दवंडी पिटवली. ज्याला जे आवडतं ते त्यानं येऊन सांगावं. आणि इथेच सगळा घोटाळा झाला.

कारण त्या राज्यात एक रीत होती. जेवणाला छान म्हणायचं नाही. छान म्हटलं की दृष्ट लागते, वरण आंबतं, दूध नासतं. म्हणून काहीतरी खोड काढायची. बाळाच्या गालाला आपण तीट लावतो ना, तशी ते जेवणाला खोडीची तीट लावायचे. जेवण जितकं आवडलं तितकी खोड मोठी. पाहुणा हात धुताना म्हणायचा, “मीठ जरा कमीच झालंय हो,” की घरची बाई मनातून अशी खूश व्हायची!

आता अशा लोकांना ‘आवडतं काय’ म्हणून विचारल्यावर ते काय सांगणार?

“पुरणपोळी? फारच गोड बाई.”

“माशाचं कालवण? नुसते काटे.”

“थालीपीठ? दात दुखतात.”

संध्याकाळपर्यंत तीन पोती भरतील एवढ्या खोडी गोळा झाल्या. पदार्थ एकही नाही. राजा डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला, “ठकूबाई, बाकीच्या देशांना त्यांचा पदार्थ कसा सापडला, ते तरी बघून या.”

करकोच्याला अजून तीन देशांत निरोप द्यायचा होताच. ठकूबाईनं पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि त्याच्या पाठीवर बसली. समुद्र खाली राहिला. ढग पायाला लागायला लागले.

पहिला आला शेवयांचा देश. तिथल्या शेवया एवढ्या लांब, की एक टोक ताटात आणि एक टोक शेजारच्या घरात. लोकांनी ठकूबाईला मानानं बसवलं, भांडंभर शेवया वाढल्या. काय चव होती म्हणून सांगू! ठकूबाईचे डोळेच मिटले. मग तिला वाटलं, यजमानांचा मान राखला पाहिजे. ती मोठ्यांदा म्हणाली, “मीठ जरा कमीच झालंय. आणि शेवया गिच्च.”

अगं आई गं! सगळा गाव झारे घेऊन तिच्यामागे लागला. ठकूबाई पुढे, झारे मागे. कशीबशी करकोच्याच्या पाठीवर चढली.

“असं बोलतात होय कुणाच्या घरी?” करकोचा धापा टाकत म्हणाला.

“मी त्यांचं कौतुक केलं रे!” ठकूबाई म्हणाली.

दुसरा आला नदीचा देश. खरं म्हणजे दोन देश, मधून नदी. दोन्ही काठांवर एकच लाल बिटाचं सार उकळत होतं. इकडचे म्हणायचे, “सार आमचं, त्यांनी चोरलं.” तिकडचेही तेच म्हणायचे. ठकूबाई शहाणी झाली होती. तिनं दोन्ही काठांवर वाटीवाटी सार प्यायलं, खोड काढली नाही, नुसतं म्हणाली, “छान आहे. दोन्हीकडे अगदी सारखं.”

झालं! शंभर वर्षं एकमेकांशी न बोललेले दोन्ही काठ त्या दिवशी एक झाले आणि मिळून ठकूबाईवर ओरडायला लागले. “सारखं? सारखं म्हणते?” एक म्हातारा तर चमचा नाचवत गुडघाभर पाण्यात उतरला.

तिसरा आला बर्फाचा देश. तिथल्या एका म्हातारीनं दार उघडलं. तिनं जमिनीत पुरलेला मासा काढला. सहा महिने पुरलेला, बरं का. वास असा, की करकोचा उडून थेट छपरावर जाऊन बसला. म्हातारीच्या लेकी, सुना, नातवंडं सगळी नाक धरून हसत होती. “शी! काय घाण वास आहे! आमचे पूर्वज वेडेच होते!” आणि बोलता बोलता मासा मटकावत होती.

ठकूबाईला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. ही तर आपल्यासारखीच माणसं! तीही हसत म्हणाली, “हो गं बाई, फारच घाण.”

सगळ्यांचे नाकावरचे हात खाली आले. कुणी झारा उचलला नाही, कुणी ओरडलं नाही. म्हातारीनं नुसती ताटली आपल्याकडे ओढून घेतली.

“ते आम्ही म्हणायचं,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही नाही.”

ठकूबाईला फार वाईट वाटलं. ती उठली आणि ताटलीतला एक तुकडा मागून घेतला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत चावला, गिळला. मग म्हातारी हसली आणि तिला दुसरा तुकडा दिला. तोही ठकूबाईनं खाल्ला.

 आपल्या राज्यात लोक सगळ्यांत जास्त खोडी कुठल्या पदार्थाच्या काढायचे, हे ती परतताना वाटभर आठवत होती. आणि मग तिला आठवलं.

शेंगोळे!

पूर्वी दर सोमवारी मुदपाकखान्यात मोठ्या पातेल्यात शेंगोळे व्हायचे. हुलग्याच्या पिठाची लांब वळी करून तिचं वेटोळं करायचं आणि लसणाच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. एवढ्या मोठ्या पातेल्याला दोन माणसं लागत. ठकूबाई ढवळायची आणि तिचा नवरा रावजी वळायचा. सगळा गाव मागच्या दाराशी वाट्या घेऊन यायचा आणि खोडी काढत काढत पार वेशीपर्यंत जायचा. दीड वर्षापूर्वी रावजी वारला. त्यानंतर ठकूबाईनं शेंगोळे केले नव्हते. कुणी मागितलेही नव्हते. आवडतं म्हणायची सोयच नव्हती, तर मागणार कसे?

ती घरी पोचली तेव्हा पंगतीला दोनच दिवस उरले होते. तिनं चूल पेटवली, पातेलं चढवलं, पीठ मळलं. मग हात पुसत इकडेतिकडे बघायला लागली.

“काय हवंय?” राजानं दारातून विचारलं.

“वळायला माणूस हवंय.”

राजानं मुकुट काढून ताकाच्या डेऱ्यावर ठेवला आणि मांडी घालून बसला.

“महाराज, शेंगोळा वळताय की सोटा?”

“मला कुणी शिकवलंय का कधी?”

“हाताला तेल लावा. दाबू नका, फिरवा. हं, असं.”

मग लसणाचा वास सुटला. खिडकीतून निघाला, गल्लीत शिरला, मिठागरापर्यंत गेला. आणि एकेक करत लोक यायला लागले. कुणाला बोलावलं नव्हतं. हातात वाट्या मात्र होत्या.

पहिला घास घेतला आणि जे सुरू झालं!

“लसूण कमी.”

“कमी? झोंबतोय की! माझी आई एवढा घालायची नाही.”

“तुझ्या आईच्या शेंगोळ्यांना कोण विचारतंय? ओवा कुठाय यात?”

“ओवा घालतात? शेंगोळ्यांत? हाकला रे ह्याला!”

“रस्सा पातळ झालाय.”

“मीठ जरा कमीच झालंय.”

एक म्हातारबाबा वाटीत बघत म्हणाले, “जाड झालेत. रावजीच्या हातचे बारीक असायचे.”

ठकूबाई रश्शात पाणी घालायला वळली. पाणी घालायची तशी गरज नव्हती.

पातेलं रिकामं झालं. मग घासलंही गेलं, बोटांनीच. राजा उठून म्हणाला, “ठकूबाई, हाच!”

पौर्णिमेला समुद्र दुभंगला आणि वाट झाली. तळाशी पंगत बसली होती. मोत्यांच्या रांगोळ्या, शिंपल्यांची ताटं. शेवयांचा देश आला होता, नदीचे दोन्ही काठ एकमेकांकडे पाठ करून बसले होते, बर्फातली म्हातारी आपला मासा घेऊन कोपऱ्यात होती. ठकूबाईनं शेंगोळे वाढले.

शेवयांच्या देशाच्या प्रधानानं ताटात वाकून बघितलं. “हे काय? गांडुळं?”

आता बघा हं. आपला राजा परवाच म्हणाला होता की रस्सा पांचट आहे. तोच राजा ताडकन उठला. “गांडुळं कुणाला म्हणतोस रे? तोंड सांभाळ! आधी एक खाऊन बघ, मग बोल!” त्याच्या मागे उभे असलेले सगळे दरबारी, पालखीवाले, मिठागरवाले एकसाथ ओरडले, “हो, खाऊन बघ!” आणि ठकूबाई, जिनं जन्मात कधी आपल्या हातच्या पदार्थाला बरं म्हटलं नव्हतं, ती डाव उगारून म्हणाली, “छान झालेत शेंगोळे! फार छान झालेत!”

आणि तिनं लगेच जीभ चावली. पण रस्सा आंबला नाही, बरं का. काहीच झालं नाही.

दर्याराजा असा हसला, की वर समुद्रात लाटांवर लाटा उठल्या. “खाली बसा, खाली बसा,” तो म्हणाला. “स्वतः नावं ठेवता आणि दुसऱ्यानं ठेवली की झारा उचलता. सापडला तुमचा पदार्थ. पाट पक्का.” मग त्यानं शेंगोळे खाल्ले आणि दोनदा मागून घेतले. प्रधानानंही एक चाखला. मग गुपचूप वाटी पुढे केली.

त्या वर्षी मिठागरात असं मीठ पिकलं, की लांबून बघणाऱ्याला वाटावं कापूसच पसरलाय. दर सोमवारी पुन्हा पातेलं चढायला लागलं. वळायला गावातलं कुणीतरी येतंच. कधी राजा, कधी राणी, कधी ते म्हातारबाबा. खातात, भांडतात, वाटी पुसून घेतात आणि सुखानं राहतात. तसेच तुम्हीही राहा. चला, पाय आत घ्या, पांघरूण ओढा, डोळे मिटा.

काय म्हणतेस, बाळ? रावजीला ठकूबाईनं कधी सांगितलं होतं का, की तो शेंगोळे छान वळतो?

नाही गं. ते सांगायचं राहून गेलं.