मागून आणलेलं पाणी

दगडधानोऱ्याच्या ख्रिस्ती देवळाच्या आवारात शिरलं की उजव्या हाताला एक विहीर लागते. पाहुणे आधी तिकडंच वळतात. वाकून बघतात, तळाशी नुसता काळा पाषाण दिसतो, मग विचारतात, ही बुजवत का नाही? कुणाचं लेकरू पडेल एखाद्या दिवशी. लेकरं पडत नाहीत. कमरेएवढा कठडा आहे, आणि ही विहीर कुणाची हे इथल्या पोरांना चालता येण्याआधी माहीत असतं.

ती ठकूबाईची विहीर. तिला कधी पाणी लागलं नाही. बाहेरगावचे काही लोक सांगतात, की ठकूबाईच्या आसवांनी एकदा ती काठोकाठ भरली होती. ऐकायला बरं वाटतं, पण ते खोटं आहे. आसवांनी विहिरी भरत असत्या तर या मुलखात दुष्काळ पडलाच नसता.

गोष्ट गोऱ्या सायबाच्या काळातली. महारवाड्यातली काही घरं एका साली ख्रिस्ती झाली, असं सांगतात. त्यात लिंबाजी आणि त्याची बायको ठकूबाई होती, लिंबाजीचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको गऊबाई होती. तोवर गावच्या विहिरीवर या बायांनी जायचं ते मडकं खाली ठेवून लांब उभं राहायला. वरच्या बाईला दया आली तर ती पोहऱ्यातलं पाणी उंचावरून मडक्यात ओतायची. अर्धं आत, अर्धं मातीत. दया नाही आली तर ऊन डोक्यावर येईस्तोवर उभं राहायचं आणि रिकामं मडकं घेऊन परतायचं. घरं ख्रिस्ती झाली तेव्हा एवढंही बंद झालं. ठकूबाई मडकं ठेवून उभी राहिली, तेव्हा पाटलीणबाई काठावरून म्हणाली, "आता आमच्या दारात कशाला? धरलाय ना नवा देव? त्याच्याकडं माग पाणी."

बाकीच्या बाया हसल्या. ठकूबाईनं मडकं उचललं. जाता जाता म्हणाली, "मागते की. तो काय तुमच्यासारखा चिकट न्हाई."

ठकूबाई अशीच होती. कुणी चटका दिला तर तो विस्तू ती पदरात बांधून घरी आणायची आणि फुंकत बसायची.

मिशननं मंडळीला, म्हणजे या ख्रिस्ती घरांना, देवळासाठी जमीन दिली होती, ती हीच. सगळा मुरूम. कुसळसुद्धा विचार करून उगवायचं. ठकूबाईनं नवऱ्याला सांगितलं, इथं विहीर घ्यायची. लिंबाजी शांत माणूस, बायकोशी वाद घालण्यापेक्षा पहार उचलणं सोपं हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. तो खणायचा, ती टोपल्या वर ओढायची. पिण्यापुरतं पाणी बाया ओढ्यातल्या झिऱ्यातून आणायच्या. वाळूत खळगा करायचा, वाट बघत बसायचं, आणि झिरपेल तसं वाटीनं भरायचं. गढूळ होतं, पण जगवत होतं.

ठकूबाईला मूल होत नव्हतं. गाव तिला वांझ म्हणे. विहिरीचं काम निम्मं झालं त्या साली तिला मुलगा झाला. मंडळीला आनंद झाला. येसोबा नावाचे पाळक होते, जवळपासची सगळी गावं पायी सांभाळायचे. ते बाप्तिस्मा द्यायला आले. गऊबाईनं झिऱ्याचं पाणी फडक्यातून गाळून ठेवलं होतं. तेव्हा ठकूबाई आडवी आली. म्हणाली, मी देवाला बोलले आहे. माझ्या विहिरीला पाणी लागेल, त्याच पाण्यानं माझ्या लेकराचा बाप्तिस्मा होईल. तोवर नाही, आणि तोवर नावही नाही.

ही चूक आपल्यातलीच बाई करू जाणे. कालपर्यंत मरीआईला, म्हसोबाला नवस बोलत आलेली. देव बदलला, पण मागायची रीत तीच राहिली. तू एवढं कर, मग मी एवढं करते. येसोबांनी तिला समजावलं म्हणे. प्रभू नवस घेत नाही, त्याला झिऱ्याचं पाणी चालतं, डबक्यातलंही चालतं. ती ऐकेना. तिचं म्हणणं एकच. गावानं सगळ्यांसमोर सांगितलं की देवाकडं माग. मी मागितलं. आता त्यानं दिलं पाहिजे आणि गावानं ते बघितलं पाहिजे. नाहीतर त्याची तरी काय अब्रू राहिली आणि माझी तरी?

येसोबा म्हणाले, "त्याची अब्रू सांभाळायला तू कशाला हवीस, ठकूबाई?"

ती विहिरीत खाली उतरली आणि टोपली भरू लागली.

तिला नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्यानं कधी घोटभर पाण्यासाठी मान खाली घालून उन्हात उभं राहून पाहिलेलं नाही, त्यानं ती ठेवू नयेत.

मुरूम संपला आणि काळा पाषाण लागला. पहार मारली की ठिणगी उडायची. लिंबाजीच्या हातांची सालं गेली. लेकरू रांगायला लागलं, मग उभं राहायला लागलं, काठावर बसून बापाला हाका मारायला लागलं. त्याला सगळे बाळच म्हणायचे. लिंबाजी एकदा बायकोला म्हणाला, पुरे आता, पाळक आलेत तर घेऊ उरकून. ती म्हणाली, अजून एक हात खाली जाऊ. मग त्याच्याही खाली एक हात. प्रत्येक वेळी तिला वाटे, दगडाला गारवा लागतोय. खोल गेल्यावर गारवा लागणारच. तो सावलीचा होता.

चैत्र सरता सरता वस्तीत गोवर आला. बाळाच्या अंगावर पुरळ आलं आणि ताप उतरेना. गऊबाईनं लिंबाचा पाला अंथरला, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. लिंबाजी पाळकांना आणायला शेजारच्या गावाकडं पळत सुटला. जाताना म्हणाला, "आता तरी हट्ट सोड."

ती हो म्हणाली की नाही, कुणाला ठाऊक नाही. पण भर दुपारी बाळाला धाप लागली, तेव्हा घरात गऊबाईच्या लोट्यात झिऱ्याचं पाणी होतं आणि ठकूबाई विहिरीत उतरली. हे मात्र खरं आहे. गऊबाईनं मरेपर्यंत सांगितलेलं आहे. तिला वाटलं, थोडं जरी लागलं, ओंजळभर, बोट भिजण्याएवढं, तरी दिलेला शब्द राहील आणि लेकरूही राहील. तिनं एकटीनं पहार चालवली. मग पहार टाकून दोन्ही तळहात दगडाला लावले आणि वर तोंड करून ओरडली. काय ओरडली ते वस्तीला ऐकू गेलं, पण सांगायला कुणी राजी होत नाही.

गऊबाईनं काठावर येऊन हाक मारली. ठकूबाई दोर धरून वर आली. काठावर बसलेल्या गऊबाईच्या मांडीवर लेकरू गप्प होतं.

लिंबाजी पाळकांना घेऊन आला तेव्हा उन्हं कलली होती. ज्या पहारेनं त्यानं विहीर खणली त्याच पहारेनं लेकरासाठी खळगा काढला. येसोबांनी प्रार्थना करताना विचारलं, नाव काय घेऊ? लिंबाजीनं बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, नाव नाही त्याला. मग पाळकांकडं वळली आणि जे बोलली ते मंडळी अजून विसरलेली नाही.

"तुमचा देव गावासारखाच हाय. वर उभा राहून बघतो. ओतत न्हाई."

   येसोबा तिच्याजवळ मातीत बसले आणि अंधारून येईपर्यंत उठले नाहीत.

त्यानंतर लिंबाजी बायकोला टाकून बोलला नाही, मारझोड केली नाही. तिनं केलेली भाकर खायचा, पण तिच्याकडं बघायचा नाही. ते मारण्यापेक्षा वाईट होतं.

ठकूबाईनं देऊळ सोडलं. पण सोडलं म्हणजे कसं, ते ऐका. रविवारी मंडळी आत बसली की ती बाहेर भिंतीला पाठ लावून बसायची. आत जायची नाही आणि घरीही राहायची नाही. गीत सुरू झालं की तोंड फिरवायची. प्रार्थनेला सगळे आमेन म्हणायचे तेव्हा ही ओठ आवळायची. थंडीत बसली, उन्हात बसली, पावसात पोतं पांघरून बसली. गऊबाई एकदा चिडून म्हणाली, "बाई, आत तरी या, नाहीतर जा तरी."

ठकूबाई म्हणाली, "भांडण मिटल्याशिवाय जाऊ कुठं?"

अशी कित्येक वर्षं गेली. शहाणे लोक म्हणतात, त्या वर्षांत तिचा विश्वास मेला होता. जो नाहीच असं वाटतं, त्याच्याशी कुणी दर रविवारी भांडायला येतं का?

मग दुष्काळ पडला. ओढ्याचा झिरा आटला, वाळू कितीही उकरली तरी कोरडीच. वस्तीतले गडी पहाटे घागरी घेऊन नदीपर्यंत जायचे ते दिवस मावळताना यायचे. त्याच साली गऊबाईला उशिरानं मुलगी झाली. अशक्त, मुठीएवढी. रविवारी सकाळी पोर निळी पडायला लागली. येसोबा म्हातारे झाले होते, पण देवळात हजर होते. पोरीला आत आणलं, आणि मग कळलं की वस्तीत थेंब नाही. गडी गेलेले, रांजण पालथे. गऊबाई आत रडू लागली. मोठ्यानं रडायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

भिंतीपलीकडं ठकूबाईनं ते ऐकलं.

ती उठली. कुणाशी न बोलता घरी गेली, मडकं घेतलं आणि गावच्या विहिरीवर जाऊन उभी राहिली. जिथून रिकामं मडकं उचलून निघाली होती तिथं. गावच्या विहिरीलाही तळाशीच पाणी उरलं होतं. काठावर पाटलीणबाई होती, ती आता थकलेली, डोक्याचे केस पांढरे झालेले. बाया कुजबुजल्या. ठकूबाईनं मडकं खाली ठेवलं आणि पदर पसरला. त्या हातांनी पाषाण फोडला होता. ते तसे पसरताना तिला काय झालं असेल, ते तिचं तिला माहीत.

पाटलीणबाई म्हणाली, "का गं? तुझा देव देणार होता ना?"

ठकूबाई म्हणाली, "त्याच्याकडंच मागितलं, पाटलीणबाई. त्यानं तुमच्याकडं धाडलं."

पाटलीणबाईच्या हातात भरलेला पोहरा होता. असं सांगतात, की ती काठावरून खाली उतरली, मडक्याजवळ आली, आणि एक थेंब बाहेर न सांडता ओतलं. तिच्या घरच्यांनी नंतर तिला पुष्कळ बोल लावले, विटाळ झाला म्हणून घर धुऊन काढलं, असंही सांगतात. तिच्या मनात काय होतं ते कुणी विचारलं नाही. ओतलं, एवढं खरं.

ठकूबाई मडकं घेऊन तशीच देवळात शिरली. इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडला हे तिच्या ध्यानातही आलं नाही. येसोबांनी त्या पाण्यात हात बुडवला आणि गऊबाईच्या लेकीचा बाप्तिस्मा केला. पोर जगली. तिच्या नातीपणतींची घरं वस्तीत आहेत.

मडक्यात पाणी उरलं होतं. ठकूबाईनं पाळकांना विचारलं, मेलेल्याला बाप्तिस्मा चालतो का? येसोबा खोटं बोलणारे नव्हते. नाही म्हणाले. मग म्हणाले, "पण ते लेकरू माझ्या पाण्यावाचून त्याच्याकडं पोचलंय. अडलं कोण असेल तर ते आपण अडलोय." ठकूबाई तिथंच खाली बसली. त्या दिवशी ती रडली, आणि लिंबाजी तिच्या शेजारी येऊन बसला.

पुढं मंडळीनं तिला देवळात साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं केलं. लोक लांबलचक साक्ष देतात. तिची एवढीच होती, असं म्हणतात. माझ्या विहिरीला पाणी लागलं नाही. मला वाटलं, प्रभू वर उभा आहे. तो खाली माझ्याजवळ, मडकं घेऊन उभा होता. मला ते लेकरू गेल्यावर कळलं. आधी कळायला पाहिजे होतं.

आणि ती खाली बसली. विश्वास वाढला म्हणजे दुःख ओसरलं, असं ज्याला वाटतं त्यानं ठकूबाईचं शेवटचं वाक्य पुन्हा ऐकावं. ती म्हातारी होऊन मेली तोवर तिचं दुःख लेकरासारखं तिच्या कडेवर होतं. ते तिनं खाली ठेवलं नाही आणि प्रभूचं बोटही सोडलं नाही.

आजही दगडधानोऱ्यात बाप्तिस्म्याचं पाणी घरचं चालत नाही. आता नळ आहे, टाकी आहे. तरी लेकराची आई मडकं घेऊन निघते आणि दुसऱ्याच्या दारात उभी राहते. ख्रिस्ती घर असो, मराठ्याचं असो, मुसलमानाचं असो, ज्याच्याशी बोलणं नाही त्याचं असलं तर फार बरं. पदर पसरून मागते. ज्या दारात मागितलं त्या दारचं माणूस मडक्यापर्यंत खाली येऊन ओततं, उंचावरून ओतत नाही. आणि इथं कुणाचंच लेकरू बाप्तिस्म्यासाठी थांबवून ठेवत नाहीत. बाळंतीण उठून चालायला लागली की त्याच रविवारी.

देवळात पाळक लेकराचं नाव विचारण्याआधी आईला विचारतात, "पाणी कुणाचं?"

आई म्हणते, "मागितलेलं."

एखादीच्या तोंडून ते लवकर निघत नाही. मान ताठ असते, किंवा आधीचं एखादं लेकरू गेलेलं असतं. तेव्हा पाळक थांबतात, मंडळी थांबते, तान्हं रडत असलं तरी कुणी तिच्या वतीनं उत्तर देत नाही.